चार बोटं पलीकडे

भांडण सुरू झालं की ते खाली बसत.

हुतूतूचं मैदान. साठी उलटलेला पंच. अंगात विटका खाकी कोट, डोक्यावर तुर्की टोपी, गळ्यात काळ्या गोफाला बांधलेली शिट्टी. समोरून एखाद्या गावच्या संघाचा वस्ताद धोतराचा काचा आवळत, शिव्या देत धावून येतोय आणि त्याच्यामागं त्याचं अर्धं गाव. दुसरा कोणी पंच असता तर मागं सरकला असता, नाहीतर त्यानंही आवाज चढवला असता. हे मात्र गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकत, जिथं उभे असत तिथंच धुळीत मांडी घालत, समोरची जागा हातानं झाडत आणि म्हणत, "बठ भाऊ. बठीसन बोल. मी आयकी ऱ्हायनू."

पहिल्यांदा हे पाहणारा माणूस हसे. मीही हसलो होतो. पण आलेला वस्ताद दोन-तीन वाक्यं उभ्यानं ओरडून झाली की इकडंतिकडं बघू लागे, आणि मग नाइलाजानं उकिडवा का होईना, बसे. बसल्यावर माणसाला तेवढं ओरडता येत नाही. एकदा मी त्यांना याचं कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "मास्तर, मी पस्तीस वरीस बांधवर बठनू. कुऱ्हाड लिसन येल मानूसबी बठेल मानूसवर हात उचलत नही. त्याले पहिले सोताले वाकनं पडस. वाकता वाकता त्याले ध्यानमा येस, आपन काय करी ऱ्हायनूत."

ते मोजणीदार होते. तापीच्या दोन्ही अंगांची शेतं त्यांनी साखळीनं मोजली होती. भावाभावांच्या वाटण्या, सरकलेले हद्दीचे दगड, नांगरून खाल्लेले बांध, यात त्यांचा जन्म गेला. पेन्शन घेऊन ते नंदुरबारला मशिदीच्या मागच्या गल्लीत राहू लागले. घरी बायको होती, मुलं व्यापारासाठी सुरतेकडं गेली होती. सगळं गाव त्यांना चाचा म्हणे. शेतकऱ्यांत आयुष्य काढल्यामुळं त्यांची अहिराणी आमच्यासारख्या खेड्यातल्यांपेक्षाही अस्सल होती. फक्त अल्लाचं नाव घेताना आणि फार थकल्यावर ते हिंदुस्थानीत बोलत.

नोकरी सुटली तरी मोजणी सुटली नव्हती. ते चालत ते पावलं मोजून. कोणी विचारलं, "चाचा, टेशन आठेन कितलं लांब?" तर ते उलट विचारत, "मालधक्कापावत का पाटीपावत?" आणि खरोखर दोन्ही आकडे सांगत. कोणाच्या लग्नात गेले तर पंगतीची वाकडी ओळ त्यांना बघवत नसे. यजमानाच्या आधी तेच पत्रावळी सरकवत फिरत. सामन्याच्या दिवशी मैदान आखण्याचं काम ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत. मधल्या रेघेच्या दोन टोकांना खुंट्या ठोकत, सुतळी ताणत, वाकून एका डोळ्यानं बघत, मग स्वतःच्या हातानं चुन्याची फक्की टाकत. रेघ झाली की सुतळी काढत. खुंट्या मात्र जमिनीबरोबर ठोकून तशाच ठेवत. त्या दिवशी कोणत्याच संघाच्या घरचं पाणीसुद्धा त्यांना चालत नसे. खांद्याला त्यांची मोजणीच्या काळातली पाण्याची कातडी छागल असे.

समोर बसलेल्या वस्तादाचं ते सगळं ऐकून घेत. मधे तोंड उघडत नसत. तो थांबला की विचारत, "आखो काही?" त्याला आणखी काही आठवे. ते ऐकून पुन्हा विचारत, "आखो?" शेवटी तो मान हलवी. मग ते गुडघ्यावर हात टेकून उठत आणि म्हणत, "तुम्हनं आयकं. निकाल तोच शे." शिट्टी वाजे आणि खेळ पुढं चालू होई.

"कधी निकाल बदलत का नाही तुम्ही?" मी विचारलं होतं.

"मैदानमा बदलेल निकाल ज्याना आवाज मोठा त्याना व्हस," ते म्हणाले होते.

इथवर तालुक्यातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पुढचं फार थोड्यांना. घरी गेल्यावर जर त्यांच्या मनानं घेतलं की आपला निकाल चुकला, तर दुसऱ्या दिवशी ते त्या वस्तादाच्या दारात उभे राहत. बोलावणं नाही, पत्र नाही. शहाद्याकडच्या एका वस्तादानं मला सांगितलं होतं. तो शेतात कोळपत होता, तर बांधावरून तुर्की टोपी येताना दिसली. चाचा त्याच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "काल तुन्हा गडी बाद नव्हता. मन्हं चुकनं." वस्तादाचा आदल्या दिवशीचा राग पुन्हा उसळला. तो म्हणाला, "मंग ढाल द्या आमनी परत!" चाचा म्हणाले, "ढाल मन्ही नही शे भाऊ. चूक मन्ही शे. ती लिसन उनू."

तो वस्ताद मला म्हणाला, "मास्तर, तवय मन्हा हातमा कोळपं व्हतं. मले काय बोलानं तेच सुचनं नही. मी त्यास्ले गूळ-पानी दिधं."

चाचांच्या जनाज्याला तो आला होता. त्याच्यासारखे आणखीही आले होते. ज्यांच्या विरुद्ध त्यांनी निकाल दिले होते असे किती वस्ताद त्या दिवशी नंदुरबारच्या रस्त्यावर अनवाणी चालत होते, ते मी पाहिलं आहे.

मी त्या वेळी रनाळ्याच्या शाळेत मास्तर होतो. गाव माझंच. वय पंचविशीचं, अंगात रग, आणि संध्याकाळी शाळेमागच्या पटांगणात गावातल्या जवानांना हुतूतू शिकवायचं वेड. पुढं बदल्या झाल्या, गावं सुटली, पण चाचांना मी कधी विसरलो नाही, आणि त्याचं कारण काही मला भूषणावह नाही.

आमच्या संघात दित्या नावाचा एक गडी होता. सातपुड्यातल्या काठी गावचा. आमच्या पाटलांकडं वर्षाच्या बोलीवर सालदार म्हणून राहिलेला, वीस-बावीस वर्षांचा, हाडानं बारीक. बोलणं जवळजवळ नाहीच. पण त्याचा दम असा, की चढाईवर गेला की 'हुतूतू' हा शब्द त्याच्या तोंडातून पाण्याच्या धारेसारखा चाले, मधे कुठं तुटत नसे. गावातल्या जाणत्यांना सालदार संघात असणं रुचलं नव्हतं. "आपला पोऱ्या मरी गयात का?" असं मला चावडीवर विचारलं गेलं. मी हट्ट धरला. पाटील शेवटी म्हणाले, "ठीक शे मास्तर. पन हारनात तर मंग मले काही सांगू नका."

त्या वर्षी होळीच्या आधल्या आठवड्यात नंदुरबारला सामने झाले. शेवटच्या सामन्यात आमच्यासमोर धानोरा होतं. पंच चाचा.

दुपार उलटून गेली होती, ऊन चांगलं होतं. शेवटची चढाई उरली तेव्हा धानोरा एका गुणानं पुढं होतं. मी दित्याला पाठवलं. तो गेला, उजव्या बाजूनं वळसा घालून दोन गडी शिवला आणि परत फिरला. तेवढ्यात त्यांच्या चौघांनी त्याच्या कमरेला आणि पायांना मिठी मारली. तो पडला, पण दम सुटला नाही. पोटावर घसटत, त्या चौघांना ओढत त्यानं अंग ताणलं आणि उजवा हात मधल्या रेघेकडं फेकला. मी रेघेच्या टोकाशी उभा होतो. त्याची बोटं रेघेच्या अलीकडं आमच्या बाजूला मातीत रुतलेली मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. मग त्याचा दम संपला.

शिट्टी झाली. चाचांनी हात वर केला. "गडी बाद."

धानोऱ्याची माणसं नाचू लागली. मी धावलो. काय बोलतोय याचं मला भान नव्हतं.

"चाचा! डोया फुटनात का तुम्हना? रेघ वलांडी त्यानी! मी दखं! मन्हा डोयावरी दखं!"

ते खाली बसले. समोरची माती झाडली. "बठा मास्तर."

"मी बठनार नही!"

"बरं. उभा ऱ्हाईसन बोला."

मी बोललो. त्यांच्या वयाबद्दल बोललो, नजरेबद्दल बोललो, धानोऱ्याकडून त्यांना काय मिळालं असेल याबद्दलही बोललो. ते वर बघत ऐकत होते. त्यांचा तो शांतपणा मला सहन होईना. शिट्टी अजून त्यांच्या गळ्यात होती; खिशात टाकायला त्या दिवशी त्यांना वेळ मिळाला नसावा. मी वाकलो, शिट्टी मुठीत धरली आणि हिसडा दिला. गोफ तुटला. त्यांच्या मानेवर लाल वळ उठला.

चाचांनी मानेला हात लावून पाहिला आणि विचारलं, "आखो काही?"

मी मान हलवली.

"तुम्हनं आयकं," ते म्हणाले. "निकाल तोच शे."

उठताना ते माझ्याकडं बघत नव्हते. माझ्या खांद्यावरून पलीकडं बघत होते. तिथं दित्या उभा होता. गुडघा फुटला होता, छाती मातीनं भरली होती. तो उजव्या हाताची बोटं अंगठ्यानं एकेक करून पुसत होता. तक्रारीचा एक शब्द त्याच्या तोंडून आला नव्हता.

दिवस मावळताना आम्ही रनाळ्याला पोचलो. बातमी आमच्या आधी पोचली होती. चावडीवर माणसं जमली होती. पाटील म्हणाले, "सालदारले गावना संघमा लिधं, तठेच चुकनं." कोणीतरी म्हणालं, धानोरावाल्यांनी त्याला ताडी पाजली असेल. दुसरा म्हणाला, पाजलीच. पाटलांनी दित्याला पुढं बोलावलं.

"काय रे? काय व्हयनं?"

"मन्हा हात रेघना पार व्हता," दित्या म्हणाला.

"पंच म्हने नव्हता. तू पंचथीन शहाना शे का?"

दित्यानं माझ्याकडं पाहिलं. त्याच्यामागोमाग पाटलांनीही माझ्याकडं पाहिलं. "मास्तर, तुम्ही तर तठेच व्हतात. तुम्ही सांगा. हात पार व्हता का?"

माझी नोकरी त्या गावच्या शाळेत होती. पाटील शाळेच्या कमिटीवर होते. माझी आई त्यांच्याच गल्लीत राहत होती. हे सगळं मी त्या क्षणी मोजलं असं म्हणणं खोटं होईल. मोजायला वेळच नव्हता. तोंडातून जे आलं ते आलं.

"धूळ व्हती," मी म्हणालो. "मले बराबर दखायनं नही."

दित्यानं माझ्याकडं आणखी एकदा पाहिलं. मग तो गोठ्याकडं गेला. घोंगडी आणि काठी घेऊन बाहेर आला आणि गावाबाहेरच्या वाटेला लागला. त्याला कोणी थांबवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या गाडीनं चाचा रनाळ्याला उतरले. मी शाळेत होतो. चावडीवर पंच आले आहेत, असं कळलं. मला वाटलं, शिट्टीची फिर्याद घेऊन आले. मी गेलो तेव्हा ते पारावर नाही, खाली जमिनीवर बसले होते. समोर पाटील, आणखी चार-सहा माणसं. मानेवरचा वळ काळानिळा झाला होता.

ते सांगत होते ते असं. सकाळी ते एकटेच मैदानावर गेले होते. दोन्ही खुंट्या जागेवर होत्या. त्यांनी सुतळी बांधून ताणली. मधल्या भागात फक्की पायांनी ओढली जाऊन आमच्या बाजूला वीतभर सरकली होती. त्या सरकलेल्या फक्कीलाच त्यांनी रेघ समजलं होतं. खरी रेघ सुतळीखाली होती. आणि सुतळीच्या पलीकडं, आमच्या बाजूला, मातीत चार बोटांचे ओरखडे होते.

"चार बोटं पार," चाचा म्हणाले आणि स्वतःचा पंजा आडवा धरून दाखवला. "मी मोजं. तो गडी बाद नव्हता. मन्हं चुकनं."

पाटील म्हणाले, "आते काय उपयोग? ढाल गई धानोराले."

"ढालनं मले माहीत नही. तो गडी कथा शे?"

"गया."

"कथा गया?"

"त्याना डोंगरमा. काठीले."

"कसाले गया?"

माणसांनी माझ्याकडं पाहिलं. शेवटी पाटील म्हणाले, "मास्तरले इचारं आम्ही. मास्तर म्हने, दखायनं नही."

चाचा माझ्याकडं वळले. संघातल्या पोरांनी माझं ओरडणं ऐकलं होतं, पण पाटलांसमोर ती तोंड उघडणारी नव्हती. मी काल मैदानावर काय ओरडलो होतो ते त्यांनी एका वाक्यात सांगितलं असतं तर माझी गावात तोंड दाखवायची सोय राहिली नसती. त्यांनी ते सांगितलं नाही. मग ते उठले, छागल खांद्याला लावली आणि म्हणाले, "चाला मास्तर."

"कुठं?"

"काठीले."

होळी पाच दिवसांवर आली होती. शाळेतून मी रजा काढली. तापी नावेनं ओलांडून अक्कलकुव्यापर्यंत आम्ही मिळेल त्या बैलगाडीनं गेलो, पुढं पायवाट. मला वाटलं होतं, म्हातारा वाटेत बसेल. पण त्या डोंगरात त्यांनी जवानीत साखळ्या ओढल्या होत्या. ते माझ्या पुढं चालत होते. पहिल्या दिवशी ते माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. छागलेतलं पाणी मात्र आधी मला देत.

दुसऱ्या दिवशी चढावर एका मोहाच्या झाडाखाली आम्ही टेकलो. मोह गळत होता, सगळीकडं त्याचा गोड वास होता. मी धीर करून म्हणालो, "चाचा, मी तुमची शिट्टी तोडली. तुम्हाला बोललो ते तर..."

त्यांनी हात हलवला. "तुम्ही बोंबलनात त्यानं मले काही वाटनं नही. वस्ताद बोंबलसच. खरं ऱ्हावो, खोटं ऱ्हावो. तो पोऱ्या काहीच बोलना नही. बोटं पुसत उभा ऱ्हायना. तवय मले शंका उनी."

मग त्यांनी मला आपली गोष्ट सांगितली. नव्यानं नोकरीला लागले तेव्हाची. तापीकाठच्या एका गावात दोन भावांची वाटणी मोजायची होती. उन्हाचा कंटाळा आला होता. एक साखळी मोजायची राहिली. धाकट्याची पट्टी तेवढी कमी भरली. तो ओरडू लागला, माझ्या भावाकडून तू खाल्लंस, म्हणाला. यांनाही राग आला. फौजदाराला बोलावीन, अशी यांनी त्याला धमकी दिली. दुसऱ्या दिवशी कागद मांडताना यांना आपली चूक दिसली. लगेच गेलं तर तोंड खाली घालावं लागेल. पुढच्या फेरीला जाऊ तेव्हा गुपचूप दुरुस्त करू, असं यांनी ठरवलं.

"आठ दिवस मी गप्प बठनू," चाचा म्हणाले. "आठवा दिवसले धाकलानी मोठाना डोकामा कुऱ्हाड घाली. मोठा मरी गया. धाकला काळा पानीवर गया. पेशीले मी साक्षीले गयथू. तो पिंजरामा उभा ऱ्हाईसन मले म्हने, साहेब, मी तुम्हले सांगं व्हतं ना?"

मग हिंदुस्थानीत, जवळजवळ स्वतःशीच, म्हणाले, "एक साखली. बस, एक साखली."

त्यांनी छागल उचलली आणि आम्ही पुढचा चढ चढू लागलो.

काठीला पोचलो तेव्हा दुपार होती. होळीची तयारी चालली होती. होळीचा उंच बांबू आणलेला होता आणि तो उभा करायचा खड्डा माणसं हातांनीच उकरत होती. व्रत घेतलेले जवान कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं बांधून, अंगावर पांढरे ठिपके काढून फिरत होते. त्यांच्यातच दित्या होता. आम्हाला बघून तो जागीच थांबला. मग कमरेची घुंगरं वाजू न देता हळूहळू जवळ आला. त्याचा बाप आणि आणखी काही माणसं मागोमाग आली.

चाचा बसले. एका काटकीनं त्यांनी मातीत रेघ ओढली.

"हाई रेघ," ते म्हणाले. रेघेपलीकडं आपली चार बोटं टेकवली. "आनि हाई तुन्ही बोटं. मी मोजं. तू बाद नव्हता बेटा. मन्हं चुकनं. हाई सांगाले उनू."

दित्या त्या रेघेकडं बघत राहिला. "मले ठाऊक व्हतं चाचा," तो म्हणाला. "हात मन्हा व्हता."

त्याच्या बापाला आमची बोली कळत नव्हती. त्यानं भिल्लीत काहीतरी विचारलं. दित्यानं चार बोटं दाखवत त्याला उत्तर दिलं. म्हातारा चाचांच्या फाटलेल्या बुटांकडं बघून पुन्हा काही बोलला.

"बाबा इचारस," दित्या म्हणाला, "चार बोटकरता इतलं लांब उनात?"

"त्याले सांग," चाचा म्हणाले, "एक डाव एक साखळीकरता मी गयथू नही."

याचा अर्थ तिथं फक्त मला कळला. म्हाताऱ्यानं मात्र मान डोलावली, जणू त्यालाही कळला असावा.

चाचा उठले. कपडे झाडले. "मन्हं व्हयनं," ते म्हणाले. "मास्तरनं बाकी शे." आणि ते म्हाताऱ्याच्या बरोबर तो हातानं उकरलेला खड्डा बघायला निघून गेले.

मी आणि दित्या समोरासमोर उरलो. वाटेत मनात मी मोठं भाषण जुळवलं होतं.

"दित्या," मी म्हणालो, "धूळ नव्हती. मी दखं व्हतं."

त्यानं मातीतल्या रेघेकडं पाहिलं.

"पाटील समोर व्हता. मी घाबरनू."

त्यानं कमरेचा एक भोपळा सरळ केला. मग बोलला. एवढं सलग बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं. "तुम्ही चाचानी शिट्टी तोडी, तवय मले वाटनं, मास्तर मन्हाकरता भांडी ऱ्हायना. आजलोंग मन्हाकरता कोनी भांडेल नव्हतं. मंग चावडीवर मले समजनं. तुम्ही ढालकरता भांडी ऱ्हायंतात."

"पाटीलले मी सांगस. तू परत चाल. संघमा..."

"नही मास्तर." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच मला सोसेना. "तवय चावडीवर तुम्ही बोलतात तर मी ऱ्हातू. आते नही."

तिकडून ढोल वाजला. त्याचे सोबती हाका मारत होते. तो वळला आणि त्यांच्यात जाऊन मिसळला. पांढऱ्या ठिपक्यांच्या त्या गर्दीत त्यातला दित्या कोणता, हे थोड्या वेळानं मला ओळखता येईना.

होळीला थांबा, असं त्याचा बाप खुणांनी सांगत होता. चाचा थांबले नाहीत. परतीच्या वाटेवर ते थकले होते. दोन ठिकाणी मला त्यांचा हात धरावा लागला. तापीवर आलो तेव्हा नावेत आम्ही दोघं आणि एक शेळी घेतलेली बाई एवढेच होतो. नाव मधोमध आली. माझ्या मनात चार दिवस साचलेलं बाहेर आलं.

"चाचा, इतकं चालत गेलो. त्यानं काही माफ केलं नाही."

ते पाण्यात हात बुडवून बसले होते. हात बाहेर काढून त्यांनी तो कोटाला पुसला.

"आपन माफी लेवाले गयथूत का मास्तर?" ते म्हणाले. "सांगाले गयथूत."

नंदुरबारला त्यांच्या गल्लीच्या तोंडाशी मी त्यांना सोडलं. आत या, असं ते म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "रनाळेनी गाडी सांजले शे. आते आखो एक जागा ऱ्हायनी. तठे मी येवाव नही."

गाडीतून उतरलो आणि घरी न जाता सरळ चावडीवर गेलो. सात-आठ माणसं होती. पाटील तळहातावर तंबाखू मळत होते. मी बोलायला लागलो आणि त्यांनी हात थांबवला. मैदानावर मी काय पाहिलं, काय ओरडलो, आणि त्या संध्याकाळी याच जागी काय बोललो, ते सांगत गेलो. पाटील मधेच म्हणाले, "पन मास्तर, तो पोऱ्या तर गया. आते सांगीसन काय व्हई?"

काही होणार नव्हतं. मलाही ते ठाऊक होतं. मी राहिलेलं शेवटपर्यंत सांगितलं.